एस ५०० चे सोळा प्लग: कामाच्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५
किमी: १,१८,४१२

सिग्नलला गाडी उभी असली की स्टिअरिंगला बारीकशी थरथर जाणवते. शेजारी बसलेल्याला कळणार नाही, पण मला कळते, आणि एकदा कळली की डोक्यातून जात नाही. या गाडीत इंजिन चालू आहे की बंद, हे एरवी आरपीएमच्या काट्याकडे बघूनच समजतं. शिवाय चढावर पाय दाबला की क्षणभर घुटमळल्यासारखी होते आणि मग निघते.

गाडी २००३ ची मर्सिडीज एस ५००, डब्ल्यू २२० बॉडीची. आत एम ११३ इंजिन, पाच लिटरचं व्ही ८, म्हणजे दोन रांगांत मिळून आठ सिलिंडर. साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून पाहिला. एकही कोड साठलेला नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही.

आधीच्या मालकाने दिलेली कागदांची जाडजूड फाइल पुन्हा चाळली. ऑइल आहे, ब्रेक पॅड आहेत, एअर सस्पेन्शनवर तर अर्धी फाइल आहे. प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी टाकून मिश्रण पेटवणारा स्पार्क प्लग, हा शब्द कुठेही नाही. म्हणजे कारखान्यातून निघताना बसवलेले प्लगच अजून आत असण्याची दाट शक्यता आहे. सुरुवात तिथूनच करायची, आणि हाताने करायची.

रविवार, १२ जानेवारी

आठ सिलिंडर म्हणजे आठ प्लग, असा हिशोब मनात होता. बोनेट उघडून मोजायला बसलो तर एका बाजूलाच आठ वायरी. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण सोळा.

कारण वाचून काढलं. या इंजिनात सिलिंडरमागे तीनच व्हॉल्व्ह आहेत: दोन आत घेणारे, एक बाहेर टाकणारा. चार व्हॉल्व्ह असले की प्लगला बरोबर मधोमध जागा मिळते, तीन असल्यावर ती मिळत नाही, म्हणून कडेला दोन बसवले. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह एकच ठेवण्यामागे धुराची गणितं होती. बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता कमी वाया जाते आणि थंड इंजिन सुरू केल्यावर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. दोन्ही प्लग अगदी एकाच क्षणी ठिणगी टाकत नाहीत, कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक, त्यांच्यात किंचित अंतर ठेवतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली. दोनपैकी एक प्लग दमला तर दुसरा सांभाळून घेणार. म्हणजे साध्या गाडीत ज्या बिघाडाने इंजिन धडधडून मिसिंग केलं असतं, तो इथे नुसती थरथर देऊन लपून राहणार. कोड नसण्याचं कारण कदाचित हेच असेल.

बुधवार, १५ जानेवारी

तीन संध्याकाळी फक्त प्लग निवडण्यात गेल्या. वाटलं नव्हतं इतकं गुंतागुंतीचं प्रकरण आहे.

पहिला मोह इरिडियमचा. सगळे सांगतात, इरिडियम घाल, गाडी उडेल. उडत वगैरे नाही. ठिणगीतली ताकद व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून येते, प्लग फक्त तिला उडी मारायला जागा देतो. महाग धातूचा फायदा वेगळा आहे. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. धातू जितका चिवट, तितकं टोक बारीक ठेवता येतं आणि ते तितकं सावकाश झिजतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते. बस्स. चार टोकांचे प्लगही पाहिले, पेटीवर चार ठिणग्यांचं चित्र असलेले. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर जाते, बाकीची तीन आपल्या पाळीची वाट बघत बसतात.

साधे निकेलचे प्लग स्वस्त असतात आणि नवे असताना उत्तम चालतात. पण ते लवकर झिजतात, आणि सोळा प्लगांचं हे इंजिन पुन्हा पुन्हा उघडायची हौस मला नाही. म्हणून प्लॅटिनम. मूळचे प्लग प्लॅटिनमचेच होते.

मग उष्णतेचा नंबर, आणि इथे मी जवळजवळ फसलो.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीचं नाक आतून लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, पोहोचायला वेळ लागतो आणि टोक जास्त तापतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड प्लग. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते आणि प्लग स्वतःला साफ ठेवतो. ८७० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनची वाट लागते. नंबर या दोन टोकांच्या मध्ये राहण्यासाठी असतो. ताकद वाढवण्याशी त्याचा संबंध नाही.

गंमत प्लग बनवणाऱ्या कंपन्यांच्या नंबरांची. एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशमध्ये नंबर वाढला की गरम. अगदी उलटं. बॉशचा ८ म्हणजे ढोबळमानाने एनजीकेचा ५, आणि डेन्सोचा १६. मूळचा प्लग बॉशचा, त्यावर ८. मी एनजीकेच्या यादीत ८ शोधत होतो! सापडला असता आणि बसवला असता तर भलताच थंड प्लग पडला असता आणि महिनाभरात काजळीने काळा झाला असता.

शेवटी कागदावर लिहून ठेवलं: एनजीके पीएफआर५आर-११. पी म्हणजे प्लॅटिनम. एफ म्हणजे १४ मिमीचे आटे, १९ मिमी लांबी आणि १६ मिमीचा षटकोन. आर म्हणजे आत रोधक आहे, सुमारे पाच किलोओहमचा, रेडिओत आणि कंट्रोल युनिटमध्ये खरखर जाऊ नये म्हणून. ५ हा उष्णतेचा नंबर. ११ म्हणजे १.१ मिमी फट, मधल्या आणि वरच्या टोकातली, जिच्यातून ठिणगी उडते.

जाता जाता एक नोंद. बॉशचा उच्च दाबाचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली तयार केला आणि त्याचा पहिला ग्राहक डाइमलर होता. माझ्या हातात त्याच घराण्याची गाडी आहे आणि मी तिच्यात जपानी प्लग बसवतोय. नंबर जुळतो, एवढंच मी बघितलं.

सोमवार, २० जानेवारी

पार्सल आलं. सोळा पेट्या. मुलीने पेट्या उघडायचं काम स्वतःकडे घेतलं आणि तिसऱ्या पेटीला म्हणाली, "बाबा, याची अंगठी निघाली."

अंगठी म्हणजे आट्यांच्या वरचा वॉशर. तो सैल फिरतो, पण आट्यांवरून सहज खाली उतरता कामा नये. इथे तो बोटाने फिरवून काढता आला. मग सगळेच भिंगाखाली घेतले. मातीवरची अक्षरं किंचित पसरलेली. आट्यांच्या कडा खरखरीत. वरचं टोक दोन प्लगांवर मधल्या टोकाच्या बरोबर समोर नाही, बाजूला कललेलं. आणि प्लॅटिनमचा जो बारीक तुकडा वरच्या टोकाखाली जोडलेला दिसायला हवा, तो दिसतच नव्हता. नकली.

किंमत जरा कमी होती, तेव्हाच समजायला हवं होतं. फोटो काढले, सगळा माल परत पाठवला. विक्रेत्याने वाद घातला नाही, यावरून काय ते कळलं.

शनिवार, २५ जानेवारी

दुसरीकडून, प्लगच्या अधिकृत वितरकाकडून, नवे सोळा आले. भिंगाखाली घेतले: अक्षरं रेघेसारखी स्वच्छ, आटे गुळगुळीत, वॉशर आपल्या जागी. वायरच्या गेजने फट तपासली. सगळ्या १.१ च्या आसपास. नाण्यासारखं गोल गेज मी वापरत नाही. ते फटीत सरकवताना बारीक टोकावर जोर येतो आणि प्लॅटिनमचा तुकडा सुटू शकतो. फट चुकीची असेल तर प्लग परत, ठोकून सरळ करायचा नाही.

हत्यारं मांडून ठेवली. १६ मिमीचा पातळ भिंतीचा प्लग सॉकेट, आत रबर असलेला. तीन अष्टमांश इंची रॅचेट, दोन एक्स्टेंशन, एक युनिव्हर्सल जॉइंट. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला खटका देणारा पाना. हाताएवढा रबरी पाइपचा तुकडा. डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणारं, ग्रीस. आणि १७ मिमीचा साधा दुतोंडी पाना, ज्याचा नट-बोल्टशी काही संबंध नाही. त्याचं काम पुढे.

शनिवार, १ फेब्रुवारी

इंजिन रात्रभर थंड. हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत ओढून आणेल.

पुढच्या ग्रिलकडून येणाऱ्या हवेच्या दोन नळ्या काढल्या, मग फिल्टरचं घर. ते रबरी बुशांवर बसलेलं असतं, सरळ वर ओढलं की सुटतं. फक्त मागे आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरशी जोड आहे, तो आधी सोडवायचा. हे सगळं उतरल्यावर दोन्ही बाजू मोकळ्या दिसायला लागल्या.

उजव्या बाजूपासून सुरुवात केली. मर्सिडीजच्या या इंजिनात ड्रायव्हरच्या तोंडाच्या दिशेने पाहिलं तर उजवीकडे एक ते चार आणि डावीकडे पाच ते आठ, दोन्हीकडे मोजणी पुढून मागे.

आता १७ चा पाना. प्लगवर चढलेल्या वायरीच्या टोकाला, म्हणजे बुटाला, बाहेरून पत्र्याचं कवच आहे, एक्झॉस्टच्या उष्णतेपासून वाचवायला. त्या कवचाला षटकोनी खांदा आहे. वायर धरून ओढली तर वायर हातात येते आणि बूट आतच राहतो. पान्याचं तोंड त्या खांद्याखाली सरकवायचं, आधी बूट किंचित फिरवून चिकटलेपण सोडवायचं आणि मग पान्याने हळू उचकायचं. पहिला निघाला तेव्हा असा आवाज झाला की मुलगी दोन पावलं मागे सरली. इतक्या वर्षांत तो रबर प्लगला जणू शिजून चिकटला होता.

प्लगच्या खोबणीत कंप्रेसरची हवा मारली. बारीक वाळू, सुकलेली पानं, एक मेलेला मुंगळा. हे सगळं प्लग काढल्यावर सिलिंडरमध्ये पडलं असतं.

पहिला प्लग सुटताना कचकन आवाज आला, मग अर्धा फेरा, मग पुन्हा घट्ट. इथे घाई केली नाही. थोडं परत आत फिरवलं, एक थेंब ऑइल सोडलं, दहा मिनिटं थांबलो. मग पुढे-मागे, पुढे-मागे करत बाहेर काढला. उरलेले सात त्यामानाने शहाणे निघाले.

मुलीने थर्मोकोलच्या तुकड्यावर सोळा भोकं पाडून नंबर टाकले होते: १ पुढचा, १ मागचा, २ पुढचा... जुने प्लग त्यात रोवत गेलो. रंग बहुतेकांचा फिकट तपकिरी, राखाडीकडे झुकणारा, म्हणजे इंजिन आतून ठीक. फट मात्र १.३ ते १.५. मधल्या टोकाच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गोल झालेल्या. चार मागच्याच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरच्या मागच्या प्लगच्या, आट्यांच्या वर, मातीवर, एक काळी उभी रेघ. ती बघितली, "असेल काहीतरी" म्हटलं आणि पुढे गेलो. त्याच्या बुटाच्या आतल्या कडेला केसासारखी चीर होती, तीही दिसली. ती नोंद तेव्हाच करायला हवी होती. आज करतोय, कारण पुढे काय झालं ते मला माहीत आहे.

नवे बसवताना सॉकेट नाही, रबरी पाइप. प्लगची शेपटी पाइपात खोचायची आणि बोटांनी पाइप फिरवायचा. आटा वाकडा चढायला लागला तर पाइप घसरतो, प्लग फिरत नाही. सॉकेट आणि रॅचेटला ही लाज नसते, ते वाकड्या आट्यालाही मुकाट आत ढकलतात. प्लग बोटांनीच शेवटपर्यंत गेला, मग टॉर्क रेंच. १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. मी २७ वर ठेवला. टॉर्क रेंच नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, म्हणजे वॉशर चेपून बसतो.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावायचं की नाही, यावर लोक भांडतात. या प्लगांच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो. वर आणखी वंगण लावलं तर पाना २७ दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात ताण त्याहून बराच जास्त पडलेला असतो. मी कोरडेच बसवले. डायइलेक्ट्रिक ग्रीस फक्त बुटाच्या आतल्या कडेला, पातळसं.

आठ प्लगांना चार तास. कंबर गेली.

रविवार, २ फेब्रुवारी

डावी बाजू. पुढचे सहा एका तासात झाले. हात बसला की काम पळतं.

आठ नंबरच्या सिलिंडरचे दोन फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, खेटून आहेत. तिथे नुसतं एक्स्टेंशन जात नाही, युनिव्हर्सल जॉइंट लावावा लागतो, आणि मग सॉकेट प्लगवर चढून बसतो आणि एक्स्टेंशन एकटंच बाहेर येतं. दोनदा झालं. दुसऱ्यांदा लांब नाकाच्या पकडीने सॉकेट बाहेर काढायला वीस मिनिटं गेली. मग सगळे सांधे चिकटपट्टीने गुंडाळले. सुरुवातीलाच करायचं होतं.

आठ पुढचा बसला. आठ मागच्यासाठी नवा प्लग उचलला, हात ग्रीसचा होता, सुटला. टणकन फरशीवर. वरचं टोक खाली दबलं होतं, फट जवळपास मिटलेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, वाकलेलं सरळ करता येईल की."

"फट सरळ होईल गं. पण आत माती तडकली असेल तर ती मला दिसणार नाही."

पडलेला प्लग वापरायचा नाही. सोळा प्लग लागतात म्हणून मी सोळाच मागवले होते. पुढच्या वेळी सतरा. जुना आठ मागचा त्याच भोकात परत हाताने फिरवून लावला, म्हणजे कचरा जाणार नाही. एका प्लगची ऑर्डर टाकली. गाडी आठवडाभर फिल्टरशिवाय, उघडी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सतरावा प्लग आला आणि बसला. सगळे बूट दाबले. प्रत्येक बूट बसताना टक असा आवाज येतो आणि बोटालाही कळतो. सोळा वेळा टक मोजले. फिल्टरचं घर, नळ्या, सेन्सरचा जोड, सगळं जागेवर.

चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात सुरू. पहिलं मिनिट आनंदाचं.

इंजिन गरम झालं आणि थरथर परत आली. आधीपेक्षा कमी, पण आहे. तास-दोन तास मी बोनेटकडे नुसता बघत बसलो होतो, हे लिहायला हवं.

एक्झॉस्टच्या तोंडाशी तापमान मोजून थंड सिलिंडर शोधण्याची युक्ती डोक्यात आली, पण इथे ती चालणार नव्हती. एक प्लग मेला तरी दुसरा तो सिलिंडर पेटवतच राहणार.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल रात्री उशिरा एक प्रयोग केला. गॅरेजचे दरवाजे धुरासाठी उघडे, दिवे सगळे बंद, बोनेट वर, इंजिन चालू. हात खिशात. चालू इंजिनाच्या वायरीत वीस-तीस हजार व्होल्ट असतात, तिथे बोट नेण्याचं काम नाही. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागली.

उजव्या बाजूला, अगदी मागे, निळा ठिपका. टिक, टिक, टिक. बुटाच्या कडेतून पत्र्याच्या कवचावर उडी मारणारी ठिणगी, सुईच्या टोकाएवढी. चार मागचा.

ती काळी रेघ म्हणजे तिथून गळणाऱ्या विजेचा माग होता आणि बुटातली चीर म्हणजे तिची वाट. प्लग नवा असल्यामुळे बरीचशी ठिणगी आता फटीतून जात होती, म्हणून थरथर कमी झाली. उरलेली चिरेतून पळत होती. मी चीर बघितली होती. बघून पुढे गेलो होतो.

मल्टिमीटर काढून सगळ्या सोळा वायरींचा रोध मोजला. पंधरांचे आकडे एकमेकांच्या जवळ, चार मागच्याचा दर वेळी वेगळा, वायर हलवली की उडायचा. एका वायरीची ऑर्डर टाकली. नाही, दोन वायरींची. एवढं शिकलो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वायर बदलली. चार मागचा नवा प्लगही काढून पाहिला, त्याच्या मातीवर आठवड्यातच फिकट रेघ उमटायला लागली होती. कापडाने पुसली, पुसली गेली, परत बसवला. एकदा दाबून बसलेल्या वॉशरला पुन्हा अर्धा फेरा द्यायचा नसतो, टॉर्क रेंचचा खटका येईपर्यंत जो थोडासा फिरतो तेवढाच.

इंजिन गरम केलं. अंधार करून पुन्हा पाहिलं, निळं काही नाही. आरपीएमचा काटा बघितल्याशिवाय इंजिन चालू आहे हे कळत नाही.

शनिवार, २२ मार्च
किमी: १,१९,३५०

चढावरचं घुटमळणं गेलं. पेट्रोलमध्ये जाणवण्याजोगा फरक पडला असं म्हणवत नाही, माझं मोजमाप तितकं काटेकोर नव्हतं. सकाळी थंड इंजिन मात्र आता पहिल्या सेकंदापासून सुरळीत फिरतं.

सहज म्हणून एक पुढचा आणि चार मागचा काढून पाहिले. दोन्ही एकाच रंगाचे, फिकट तपकिरी.

फाइलमध्ये नवा कागद लावला: तारीख, किमी, प्लगचा पूर्ण नंबर, टॉर्क, आणि कोणती वायर बदलली ते. पडलेला प्लग मुलीच्या टेबलावर आहे, तिने वाकलेलं टोक सरळ केलंय. डाव्या बाजूच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटखाली ऑइलचा ओलावा दिसला, सहा आणि सातच्या बुटांच्या बरोबर वर. ते काम आता यादीत पहिलं.